नऊ वर्षांचे व्यवहार सॉफ्टवेअरमध्ये भरावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुंतवणुकीची तीन खाती, नऊ वर्षांची खरेदी-विक्री, सगळं एक्सेलमध्ये. आता वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर घेऊन सगळा इतिहास त्यात ओढावा, की फक्त आजची शिल्लक टाकावी?

वर्गणी लगेच भरू नका. मोफत चाचणीच्या मुदतीत एकच खातं आत घ्या, तेही सर्वांत किचकट. सोपं खातं कुठेही बसतं.

जे विकून झालं आणि ज्याचा करही चुकता झाला, ते एक्सेलमध्येच राहू द्या. आज हातात असलेल्या गुंतवणुकीची मात्र पहिल्या खरेदीपासूनची प्रत्येक नोंद हवी. नुसती शिल्लक टाकलीत तर खरेदीची तारीख आणि भाव हरवतात, मग परतावाही चुकतो आणि नफाही.

खरा घोळ होतो तो पुन्हा गुंतवलेल्या लाभांशात. समजा, १,००,००० घातले, लाभांशाचे २०,००० त्याच फंडात परत गेले आणि १,५०,००० ला सगळं विकलं. नफा ३०,०००. पण व्यवहार सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना लाभांशाच्या ओळी गळल्या, की युनिट कमी भरतात. आपण वैतागून ती हाताने, शून्य भावाने, वाढवतो (मीही केलंय) आणि नफा ५०,००० दिसतो. लाभांशावर आधीच कर भरला असेल, तर त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर! शेअर स्प्लिटचंही तसंच: प्रत्येकी ५०० चे १०० शेअर एकाचे पाच झाले, म्हणजे भाव १०० वर आला, आणि ती नोंद आलीच नाही, तर पडद्यावर ८० टक्के तोटा.

व्यवहारांची फाइल शक्यतो ओएफएक्स (आर्थिक व्यवहारांसाठीचा फाइल-प्रकार) घ्या. तिच्यात प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तीच फाइल पुन्हा घातली तरी दुबार नोंदी ओळखता येतात. क्यूआयएफ किंवा सीएसव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारांत त्याची खात्री नाही. शिवाय ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल, हा घोळ वेगळाच. म्हणून १२ नंतरच्या तारखेची एखादी ओळ आधी तपासा.

ताळा रकमेचा नको, युनिटचा करा. दर वर्षअखेरच्या विवरणाशी जुळवत चला. जिथे पहिल्यांदा फरक पडेल, चूक त्याच वर्षात आहे. तिसऱ्या-चौथ्या दशांशातला फरक सोडून द्या.

एवढं जमलं की तोच डेटा सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून पाहा. खरेदीच्या तारखा आणि भाव शाबूत आले तर वर्गणी भरा. नाही आले तर तीन खात्यांना तुमचं एक्सेल पुरेसं आहे.