वाचकांचे प्रश्न : बॅलेच्या जुन्या चित्रांतलं नेपथ्य

प्रश्न : ‘ला सिल्फीद’ या बॅलेच्या जुन्या शिळाछाप (दगडावर काढून छापलेल्या) चित्रांत नर्तिका मारी तालियोनी नुसत्या अंगठ्यावर तरंगताना दिसते. मागे धूसर झाडं, बाकी काही नाही. रंगमंच खरंच इतका मोकळा होता का? (नाशिक)

उत्तर : मुळीच नव्हता. ही चित्रं नर्तिकेच्या नावावर खपत, त्यामुळे नेपथ्याला त्यात मागची जागा मिळे. 12 मार्च 1832 ला पॅरिसच्या ऑपेरात हा बॅले आला, तेव्हा नेपथ्यकार पिएर सिसेरीने पहिल्या अंकासाठी स्कॉटलंडमधलं शेतकऱ्याचं घर उभं केलं होतं आणि दुसऱ्यासाठी जंगल. घरातलं धुराडं नुसतं शोभेचं नव्हतं, सिल्फीद, म्हणजे कथेतली वायुपरी, त्यातूनच वर नाहीशी होई. जंगलातल्या सिल्फ, म्हणजे बाकीच्या वायुपऱ्या, तारांवर टांगून उडवत.

चित्रकार बहुतेक वेळा चार गोष्टी गाळतो : तारा, फळ्यांच्या सांधी, विंगांच्या कडा आणि समोरच्या कडेचे दिवे, म्हणजे फूटलाइट. उजेडाची परीक्षा तर घरबसल्या करता येते. नर्तिकेची हनुवटी आणि उचललेल्या हाताची खालची बाजू पाहा. रंगमंचावर पुढच्या कडेचा गॅसचा उजेड खालून येई, म्हणजे या जागा उजळ हव्यात. चित्रात तिथे सावली असेल, तर चित्रकाराने ते रंगमंचाच्या उजेडात नव्हे, आपल्या खोलीतल्या उजेडात रंगवलंय. पॅरिसच्या ऑपेरात गॅस 1822 मध्ये आला. प्रयोग चालू असतानाही प्रेक्षागृहातले दिवे सहसा जळतच राहत, म्हणून चित्रांतला गडद काळोखही जसाच्या तसा खरा धरू नये.

मग भरवसा कशावर ठेवायचा? पोशाखाचा घेर, केसांतली फुलं, पंख, हातातली वस्तू, नर्तिकेची ठेवण यांवर बराचसा. पावलांवर मात्र नाही. ती हौसेने लहान आणि टोकदार काढलेली असतात.

संपूर्ण रंगमंच पाहायचा तर सचित्र वृत्तपत्रं उघडा. लंडनचं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ 1842 मध्ये आणि पॅरिसचं ‘लिलुस्त्रास्यों’ 1843 मध्ये सुरू झालं. त्यांतल्या लाकडी ठशांच्या चित्रांत पडदा, विंगा आणि मागची गर्दी अनेकदा एकत्र सापडते. हे ठसे ज्या लाकडाचे, त्या बॉक्सवुडचा बुंधा बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी तुकडे मागून बोल्टने जोडत. जोड सैल राहिला की चित्रावर बारीक पांढरी रेघ उमटे. ती रेघ नेपथ्यातल्या फ्लॅटचा, म्हणजे रंगवलेल्या उभ्या चौकटीचा, सांधा समजण्याची चूक अनेकांकडून होते.

प्रश्न : एकाच दृश्याच्या दोन चित्रांत खिडकी एकात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे आहे. खरं कोणतं? (ठाणे)

उत्तर : शिळेवर तेलकट खडूने काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. मूळ कलाकार ते जाणून आधीच उलटं काढतो, पण छापील प्रतीवरून नक्कल मारणारा घाईत सरळ काढतो आणि बाजू फिरतात. खाली लिहिलेली अक्षरं वेगळी उलटी काढलेली असतात, त्यामुळे ती वाचता येतात म्हणून चित्र सुलट आहे असं धरू नका. प्रतीखालची नावं वाचा : ‘डेल.’ जोडलेलं नाव चित्र रेखाटणाऱ्याचं, ‘लिथ.’ जोडलेलं शिळेवर उतरवणाऱ्याचं. लंडनमधल्या 12 जुलै 1845 च्या ‘पा द कात्र’ या चौघींच्या नृत्याचं प्रसिद्ध चित्र शालोंने रेखाटलं, शिळेवर मॅग्वायरने उतरवलं. नावच नसेल तर नकलेची शंका घ्या आणि प्रवेश कुठल्या बाजूने होतो ते छापील संहितेत पडताळा. दोन्ही प्रती बिननावाच्या आणि संहिताही गप्प असेल, तर बाजूबद्दल काही लिहू नये हे बरं.

प्रश्न : चित्रातल्या रंगांवरून पोशाखाचा रंग ठरवता येईल का? (पणजी)

उत्तर : नाही. रविवर्म्याच्या छापखान्याची चित्रं रंगागणिक वेगळी शिळा वापरून छापली जात. 1830-40 च्या दशकांतली बॅलेची बरीच चित्रं मात्र काळ्या शाईत छापून नंतर कुंचल्याने रंगवलेली आहेत, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत कंबरपट्टा गुलाबीही निघतो आणि निळाही. दहापट भिंगातून पाहा. रंग रेषेबाहेर सांडलेला किंवा कडेला साचून गडद झालेला दिसला, तर तो हातचा. पार्श्वभूमीला सपाट पिवळसर छटा असेल तर ती बहुधा दुसऱ्या शिळेची. ती आकाशाचा रंग म्हणून नोंदवू नका.