तिथे पाणी किती वाजता येतं?

मागच्या अंकात शेवटी गंमत म्हणून एक ओळ टाकली होती की गोष्टीतल्या किंवा सिनेमातल्या कुठल्या जगात राहायला जायला आवडेल ते कळवा, आणि झालं, नेहमीचे सासू-सून आणि पीएफचे प्रश्न राहिले बाजूला आणि यावेळी सगळे जादूगार, ड्रॅगन आणि अंतराळयानं. बरंच झालं म्हणा, मलाही जरा चेंज. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातले पाच घेतेय.

प्रश्न: ताई, मी मूळचा लातूरचा, सध्या पुण्यात इंजिनिअरिंगला. ड्यूनचे पिक्चर बघून पुस्तक वाचायला घेतलं. रूममेट म्हणतात बोअर आहे, किती ते वाळवंट, पण मला तर ते आमच्याकडचंच वाटलं. तुमचं फेव्हरिट जग कुठलं? एकच सांगायचं हं.

उत्तर: अरे लातूरच्या पोराला नाही वाटणार तर कुणाला वाटणार! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं तुमच्याकडे, तू तेव्हा शाळेत असशील.

माझं उत्तरही तेच, ड्यूनमधला तो वाळवंटी ग्रह, अराकिस. का ते सांगते. भाड्याने घर बघायला गेलं की हॉल केवढा, बाल्कनी कुठल्या दिशेला हे सगळं नंतर, पहिला प्रश्न काय असतो आपला? पाणी किती वाजता येतं. मला एका एजंटने एकदा 'चोवीस तास' म्हणून सांगितलं आणि सामान लावून झाल्यावर कळलं की चोवीस तास म्हणजे टँकरवाल्याचा फोन चोवीस तास लागतो. तेव्हापासून मी पुस्तकातल्या जगालाही हाच प्रश्न विचारते, बाबा रे तुझे ड्रॅगन-बिगन ठीक आहेत पण इथली माणसं पितात काय, जेवतात काय, आणि सांडपाणी जातं कुठे. निम्मी जगं इथेच गारद होतात.

अराकिसला मात्र पाण्यावाचून दुसरा विषयच नाही. अंगातला घाम आणि श्वासातली वाफसुद्धा परत पिण्यालायक करणारा तो स्टिलसूट सगळ्यांना आठवतो. मला विचारशील तर पुस्तकातला जेवणाचा प्रसंग त्याहून भारी. तिथल्या राज्यकर्त्याच्या महालात रीत अशी की पाहुण्यांनी आत येताना दाराशी ठेवलेल्या घंगाळात हात बुडवायचे, चार ओंजळी पाणी मुद्दाम फरशीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसायचे आणि ते टॉवेल पिळून जे पाणी निघेल त्यासाठी बाहेर भिकारी उभे. म्हणजे श्रीमंती दाखवायची ती पाणी सांडून! नवा राज्यकर्ता, म्हणजे ड्यूक, हे बघतो आणि सांगतो की बंद करा हे, दाराशी येईल त्याला पेलाभर पाणी द्या. आपल्याकडे टँकरच्या रांगेत ज्याने कळशी धरलीय ना, त्याला हा प्रसंग समजावून सांगायला नको. आणि तो वाळवंटातला सरदार, स्टिलगार, ड्यूकच्या टेबलावर थुंकतो, सगळ्यांचे हात शस्त्रांवर जातात, पण त्याने तर मान दिलेला असतो, स्वतःच्या अंगातलं पाणी दिलेलं असतं.

हे लेखकाने हवेतून आणलेलं नाही. फ्रँक हर्बर्ट १९५७ च्या सुमाराला अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर एका लेखासाठी गेला होता, तिथे सरकती वाळू रस्त्यांवर, घरांवर चढायची आणि सरकारी खातं विशिष्ट गवत लावून ती थोपवत होतं. तो लेख काही छापून आला नाही, पण वाळू डोक्यातून गेली नाही. आठ वर्षांनी, १९६५ ला, पुस्तक आलं, तेही वीसेक प्रकाशकांनी परत पाठवल्यावर गाड्या रिपेअर करायची मॅन्युअलं छापणाऱ्या कंपनीने काढलं. रूममेटना हे सांग, मेकॅनिकलवाले असतील तर नक्की वाचतील.

प्रश्न: मॅडम, मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस. नातू ही पुस्तकं आणतो म्हणून मीही चाळतो. स्पष्ट सांगतो, राग मानू नका, हिशोब नावाची गोष्ट नसते यात. वाट्टेल ते लिहायचं आणि वाचकाने माना डोलवायच्या. (इचलकरंजी)

उत्तर: काका, राग कसला, तुमच्यासारख्याच लोकांमुळे एका लेखकाला अख्खं दुसरं पुस्तक लिहावं लागलं त्याची गोष्ट सांगते, तुम्हाला आवडणार.

लॅरी निव्हन नावाच्या लेखकाने १९७० मध्ये रिंगवर्ल्ड लिहिलं. कल्पना करा, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती बांगडी घातलीय, पृथ्वी सूर्यापासून जेवढी लांब साधारण तेवढ्या अंतरावर, सोळा लाख किलोमीटर रुंद, आणि ती गरगर फिरतेय म्हणून आतल्या बाजूला वजन जाणवतं, तिथे समुद्र, डोंगर, शेती, माणसं सगळं. तीस लाख पृथ्व्या मावतील एवढी जागा. वाचक खुश. पण १९७१ ला बॉस्टनला विज्ञानकथावाल्यांचं संमेलन होतं तिथे एमआयटीची पोरं हॉटेलच्या पॅसेजमधून घोषणा देत फिरली की रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! आणि बरोबर होतं त्यांचं. ग्रह ताऱ्याभोवती आपोआप फिरत राहतो, पण अखंड कडं जरा जरी एका बाजूला सरकलं की जवळची बाजू जास्त ओढली जाते, अजून सरकतं, आणि शेवटी ताऱ्यावर आदळतं. शनीच्या कड्यांबद्दल हे गणित मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मांडलेलं होतं. तर निव्हनला पुढच्या पुस्तकात कड्याच्या काठावर ते जागेवर ठेवणारी इंजिनं बसवावी लागली.

पण तुमच्या खात्याची गोष्ट पुढे आहे. फ्लोरिडातल्या एका शाळेच्या वर्गाने हिशोब केला की पावसाने तिथली सुपीक माती वाहून काही हजार वर्षांत समुद्रात जाऊन बसेल, कारण कड्याच्या पोटात लाव्हा नाही, नवे डोंगर वर येणार नाहीत, मग माती परत जमिनीवर येणार कशी? शाळेची पोरं हो! मग निव्हनने समुद्राच्या तळातला गाळ उचलून काठावरून परत जमिनीवर टाकणारे पाइप घातले. धरणातला गाळ काढायला आपल्याला किती वर्षं लागतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि सगळ्यात मोठी चूक तर पहिल्याच छपाईत होती, हिरोला वाढदिवस लांबवायचाय म्हणून तो क्षणात इकडून तिकडे उड्या मारत जातो, पण लेखकाने त्याला पूर्वेकडे पाठवलं, म्हणजे पृथ्वी उलटी फिरत असती तरच दिवस लांबला असता. नंतर दुरुस्त केलं. तेव्हा काका, चाळू नका, नीट वाचा आणि चुका काढा, नातवाबरोबर बसून काढलात तर फारच छान.

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे. सगळ्या वह्यांच्या मागच्या पानांवर नकाशे. त्याच्या स्वतःच्या देशाचे म्हणे. राजे, लढाया, भाषासुद्धा बनवलीय. अभ्यासावर परिणाम होईल का? वह्या काढून घेऊ का? (चिंचवड)

उत्तर: अहो ताई, वह्या नका हो काढून घेऊ. 'हॉबिट' या पुस्तकाची पहिली ओळ माहितेय कुठे लिहिली गेली? ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्कीन परीक्षेचे पेपर तपासत बसले होते, एका विद्यार्थ्याने पान कोरं सोडलेलं, त्यावर त्यांनी लिहून टाकलं की जमिनीतल्या बिळात एक हॉबिट राहायचा. तोवर हॉबिट म्हणजे काय हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. भाषा बनवायचा नाद तर त्यांना लहानपणापासून, मग त्या भाषा बोलणारी माणसं हवीत, माणसांना देश हवा, असं करत करत त्यांच्या पुस्तकांतलं ते जग, मिडल-अर्थ. अर्सुला ल ग्विन या लेखिकेनेही तिची अर्थसीची पुस्तकं लिहायच्या आधी मोठ्या कागदावर बेटंच काढली होती, आणि मग त्या बेटांवर कोण राहतं ते शोधत बसली.

तुम्ही एवढंच करा, नकाशा हातात घ्या आणि माझा तो पाण्याचा प्रश्न विचारा. नदी कुठून निघते, कुठे जाते, हे शहर नदीपासून एवढं लांब का वसवलंस, सैन्याला धान्य कुठून येतं. टॉल्कीनच्या मॉर्डोरभोवतीचे, म्हणजे खलनायकाच्या देशाभोवतीचे, डोंगर काटकोनात वळतात ते मला अजून पटलेलं नाही, पण त्या ओसाड देशात एवढी फौज खाते काय याचं उत्तर पुस्तकात आहे, दक्षिणेला नुर्नेन नावाच्या तळ्याकाठी गुलामांकडून करून घेतलेली शेती. एका ओळीत येऊन जातं, लोकांच्या लक्षातही राहत नाही. मुलाला शोधायला सांगा, भूगोल आपोआप होईल. गणितात कमी पडत असतील तर तो वेगळा विषय, त्याचं खापर नकाशावर नको.

प्रश्न: सगळी नावं इंग्रजीच का? मराठीत नाही का असं एखादं जग? (सोलापूर)

उत्तर: आहे ना, आणि तिथे जायला यान-बिन पण लागत नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत, पानिपत मराठे जिंकले असते तर काय या विचारात असताना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात जाऊन पोचतात जिथे खरंच तसं झालंय. कशामुळे? तर १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून जाते. एवढाच फरक. मला या गोष्टीत आवडतं ते हे की नवं जग दाखवायला लेखकाने काहीही विचित्र आणलेलं नाही, ओळखीचीच गावं, ओळखीचीच माणसं, नुसती इकडची तिकडे झालेली, आणि बिचारे पंत आपल्या सवयीने सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत जाऊन बसायला जातात तर तिथे अध्यक्ष वगैरे भानगडच बंद झालेली, लोक त्यांना पिटाळून लावतात. म्हणजे पंतांचंही पानिपत झालंच.

आणि नारळीकरांचं स्वतःचंही एक सोंग होतं बरं का, १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं.

प्रश्न: ताई, आम्ही कॅनडात, कॅल्गरीजवळ. इथे आता उणे २८ आहे. तुमचे वाळवंटवाले मागच्या वेळचे किस्से वाचून बरं वाटतं पण आमच्या हवामानाचं काहीतरी सांगा.

उत्तर: मग गेथेन. परत ल ग्विनच, १९६९ चं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' हे पुस्तक, त्यातल्या या ग्रहाचं दुसरं नाव थेट विंटर, म्हणजे बारा महिने तुमचाच जानेवारी. या पुस्तकाबद्दल कुणीही बोललं की तिथली माणसं कायमची बाई किंवा पुरुष नसतात, महिन्यातले थोडे दिवस यातलं काहीतरी होतात, यावरच बोलतं, आणि ते आहेच विचार करायला लावणारं, म्हणजे तिथल्या राजालाच दिवस गेल्याची बातमी येते आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण मला पहिल्यांदा त्या ग्रहावर विश्वास बसला तो जेवणाच्या टेबलावर. तिथे ताटाशेजारी एक छोटंसं अवजार ठेवलेलं असतं, रोजच्या वापरातलं, आपल्याकडे चमचा असतो तसं. दोन घोटांच्या मध्ये पेल्यात जो बर्फ धरतो तो फोडायला. म्हणून ते लोक बिअर गरम करून पितात. तुमच्याकडे हीटर बंद पडला तर कळवा चहाचं काय होतं ते.