मानसिक आरोग्याच्या कामासाठी मॅरेथॉन धावून निधी कसा उभारावा?

संस्थेकडून मिळणारा चॅरिटी बिब, म्हणजे निधी जमवण्याच्या बोलीवर मिळणारा शर्यतीतला प्रवेश, घेण्याआधी अटी नीट वाचा. बहुतेक ठिकाणी किमान रक्कम ठरलेली असते, आणि ती जमली नाही तर उरलेले पैसे तुमच्याच खिशातून जातात. इथेच बरेच जण फसतात.

ग्रुपवर एकच मेसेज ढकलला की अंगठे मिळतात, पैसे नाही. प्रत्येकाला नावानिशी, वेगळं लिहा. पहिली देणगी सढळ हाताच्या माणसाकडून घ्या. तुमच्या ऑनलाइन देणगी-पानावरचा तो आकडा बघूनच पुढचे आपला आकडा ठरवतात. पैसे नेमके कशाला, समुपदेशनाला की हेल्पलाइनला, तेही सांगा. कुणाच्या आजाराची गोष्ट मात्र त्याला विचारल्याशिवाय नको.

सराव? ४२.१९५ किलोमीटरसाठी १६ ते २० आठवडे धरा, सर्वांत लांब धाव ३०-३२ किलोमीटरची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. देणगी मागण्याची सुरुवातही सरावासोबतच करा.