समुपदेशनाच्या फीचा क्लेम कधी मिळतो?

प्रश्न : सततची धास्ती आणि झोप न लागणं यासाठी मला घराजवळच्या मानसशास्त्रज्ञांकडे जायचं आहे. माझ्या आरोग्य विम्यात मानसिक आजार धरले आहेत. मग फीचे पैसे मिळतील ना?

उत्तर : बहुधा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीला शारीरिक आजारांसाठी जे देते तेच मानसिक आजारांसाठीही द्यावं लागतं. पण साध्या पॉलिसीत तापासाठी डॉक्टरकडे जाऊन आल्याचे पैसे तरी कुठे मिळतात? ती दाखल झाल्यावरच कामाला येते. सेशनच्या फीसाठी पॉलिसीत ओपीडीचं, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचं, कव्हर हवं.

माहितीपत्रकावर जाऊ नका, त्यात सगळं गोडच असतं. पॉलिसीची मूळ कागदपत्रं काढा आणि कंपनीला ईमेल करा: ओपीडीत मानसशास्त्रज्ञाची फी धरली आहे का, वर्षाला मर्यादा किती, आधी मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते का, ऑनलाइन सेशन चालतं का, कॅशलेस की आधी भरून मागून परतावा? उत्तर लेखीच घ्या. फोनवरचा होकार क्लेम अडला की उपयोगी पडत नाही. क्लिनिकच्या रिसेप्शनवर ‘तुमचा विमा चालतो’ असं सांगितलं, तरी तो दाखल होण्यासाठी की ओपीडीसाठी, हे विचारा.

माणूस निवडताना औषधं लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर, हे लक्षात असू द्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) असते. नोंदणी क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव ताडून पाहा, मुदत संपली नाही ना तेही बघा. नुसतं ‘समुपदेशक’ लिहिणाऱ्याची नोंदणी असेलच असं नाही. तो कामात चांगला असू शकतो, पण क्लेम तिथेच अडकू शकतो.

पावतीवर तुमचं नाव, तारीख, सेशनचा प्रकार, नोंदणी क्रमांक आणि सही हवी. ‘वेलनेस पॅकेज’ अशी मोघम पावती घेऊ नका. दहा सेशनचे पैसे एकदम भरले असले, तरी प्रत्येक सेशनची वेगळी नोंद मागून घ्या. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही विनाशुल्क.

हा पत्रव्यवहार चालू असताना उपचार मात्र लांबवू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.