मुलगा ओळी खोडतो, म्हणून काळजी?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, गुण बरे, आणि सहा महिने रात्री जागून लिनक्स कर्नलमधले, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातले, ‘इफडेफ’ (अमुक पर्याय चालू असेल तरच आतला कोड घ्या, असं सांगणाऱ्या ओळी) काढत बसलाय. ‘नवीन काही बनवत नाही, दुसऱ्यांचा कचरा उपसतो, त्याला समजवा,’ असं तुम्ही लिहिता.

त्याला स्वतःला काय वाटतं, याची पत्रात एक ओळ नाही. उलट त्याच्या नकळत त्याचे मेल वाचलेत आणि ‘सुधारून पुन्हा पाठव’ अशी उत्तरं पाहून तो तिथेही नापास होतोय, असं ठरवून टाकलंत. मला घोर लागला तो याचा. कर्नलमध्ये पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, दोन-तीनदा परत येणं ही रोजची गोष्ट आहे, मुरलेल्यांचेही येतात. जेवताना तुम्ही चुलतभावाच्या पगाराचा विषय काढता आणि तो ताट उचलून खोलीत जातो, हेही तुम्हीच लिहिलंय. मग तो आपलं काम तुम्हाला कशाला सांगत बसेल?

राहिला ‘कचरा’. कर्नल बांधताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करताना (यालाच बिल्ड म्हणतात), हजारो पर्याय चालू-बंद करता येतात. इफडेफमधला पर्याय बंद असला की आतला कोड कंपायलरला, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला, दिसतच नाही. आत चूक असली तरी इथे बिल्ड सुरळीत होते आणि पर्याय चालू ठेवणाऱ्याकडे फुटते. तेच साध्या ‘इफ’मध्ये ‘इज एनेबल्ड’ (पर्याय चालू आहे का, ही तपासणी) घालून लिहिलं, तर कंपायलर दोन्ही वाटा तपासतो आणि नको ती टाकून देतो. सी भाषेतल्या फाइलींत इफडेफ शक्यतो टाळा, असं कर्नलची लेखनशैलीच सांगते. हे डोळे मिटून करता येत नाही. पर्याय ‘एम’, म्हणजे मॉड्यूल (लागेल तेव्हा कर्नलला जोडायचा वेगळा भाग) म्हणून निवडला असेल, तर जुना इफडेफ खोटा ठरतो आणि ‘इज एनेबल्ड’ खरा. म्हणजे सफाई करता करता कर्नलचं वागणंच बदलतं. शिवाय पर्याय बंद असताना एखाद्या स्ट्रक्चरमधलं (कोडमधल्या माहितीच्या गठ्ठ्यातलं) फील्डच, म्हणजे त्यातला कप्पाच, नसेल, तर ही युक्ती चालत नाही, इफडेफ ठेवावाच लागतो. कुठला काढायचा आणि कुठला नाही, हे कळायला आजूबाजूचा सगळा कोड वाचावा लागतो. ओळी मोजून हे कसं दिसणार?

मुलालाही एक सांगणं आहे. एकाच छापाचे शंभर पॅच पाठवलेस तर मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारे, वैतागतील, आणि त्यांचं बरोबर असेल. एखादा ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा कोड) धर, त्याचं हार्डवेअर मिळव. पर्याय चालू, बंद आणि मॉड्यूल अशा तिन्ही तऱ्हांनी बांधून, चालवून पाहा, मगच पाठव.

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा शेवटच्या वर्षी देता येईल, त्याची घाई नाही.

मेल वाचल्याचं मात्र तुम्ही त्याला आजच सांगा. मी त्याला काहीही समजावणार नाही. पुढचं पत्र त्याला लिहायचं असेल, तर लिहू दे.