वाचक विचारतात: डिस्कस माशांची अंडी आणि पिल्लं

प्रश्न : आमच्या डिस्कसच्या जोडीने दोनदा अंडी घातली. दोन्ही वेळा दीड दिवसात सगळी पांढरी झाली आणि मग त्यांनीच ती खाऊन टाकली. काय चुकतंय?

फलन न झालेली अंडी २४ ते ३६ तासांत दुधी पांढरी पडतात. त्यांच्यावर बुरशी चढू नये म्हणून मासे ती खातात, तेव्हा दोष खाण्याचा नाही. आधी जोडी खरंच नर-मादीची आहे का ते पाहा. डिस्कसच्या दोन माद्याही जोडी जमवून, जागा साफ करून अंडी घालतात. अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली जी नळी बाहेर येते, ती मादीची रुंद आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार.

नर असूनही अंडी पांढरीच पडत असतील तर पाणी तपासा. हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि आम्लधर्मी. जड पाण्यात मोठे डिस्कस मजेत राहतात, अंडी मात्र नीट फळत नाहीत. आरओचं पाणी मिसळून टीडीएस (विरघळलेले क्षार) ५० ते १०० पीपीएम, पीएच ६ ते ६.५ आणि तापमान २८ ते ३० अंश ठेवा. पाणी एका दिवसात बदलू नका, आठवडाभरात हळूहळू त्या आकड्यांवर आणा. फिल्टरचा झोत थेट अंड्यांच्या जागेवर येत असेल तर तोही वळवा, नराचं शुक्र वाहून जातं.

प्रश्न : पिल्लं आईबापाच्या अंगाला चिकटून नेमकं काय खातात? त्यांना वेगळं काढून वाढवता येईल का?

ती अंगावरचा बुळबुळीत थर खातात. हा थर सगळ्याच माशांना असतो, पण अंडी घातल्यावर डिस्कसच्या थरात प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हे प्रमाण उतरतं, आणि त्याच वेळी आईबाप पिल्लांपासून दूर पोहू लागतात. थोडक्यात, दूध तोडणंच ते! आई आणि बाप दोघंही पाजतात, हे मात्र सस्तन प्राण्यांत सापडणार नाही. एक थकला की अंगाला झटका देऊन पिल्लं जोडीदाराकडे सोपवतो.

अंडी साधारण ६० तासांत फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं जागेवरच वळवळतात आणि पोटातल्या पिवळ्या बलकावर जगतात. मग पोहू लागतात, आणि खरी गफलत होते ती इथे. पिल्लं गडद आकाराकडे ओढली जातात. त्या काळात आईबापाचं अंग काळवंडतं ते याच कामी येतं. पण टाकीत काळा हीटर किंवा काळा स्पंज फिल्टर असला की पिल्लं त्याला चिकटतात आणि उपाशी मरतात. ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-उंच अशी रिकामी, फिकट रंगाची टाकी घ्या, वाळू आणि झाडं नकोत. पिल्लं पोहायला लागली की पाण्याची पातळी निम्म्यावर आणा आणि रात्री मंद दिवा राहू द्या. पिवळ्या-पांढऱ्या संकरित जाती काळवंडत नाहीत, त्यांची पिल्लं आईबाप शोधताना अनेकदा हरवतात. नवख्याने त्या जातींपासून सुरुवात करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

पोहू लागल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्लांना या थराच्या जोडीला ताजे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) द्या. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २८ अंश तापमान आणि सतत हवा, एवढ्यावर आर्टेमियाची अंडी २४ ते ३६ तासांत फुटतात. देण्याआधी गोड्या पाण्यात धुऊन घ्या, आणि रिकामी टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, ती पिल्लांच्या पोटात अडकतात. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली म्हणजे ती खाताहेत. तोपर्यंत त्यांना वेगळं काढू नका. कृत्रिम खाद्यावर पहिल्या दिवसापासून वाढवणारे आहेत, पण त्यात रात्रंदिवस दर काही तासांनी खाद्य आणि पाणीबदल करावा लागतो, तरी मर मोठी असते. दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं हलवलीत तर पिल्लांनी कुरतडून आईबापाच्या अंगावर झालेल्या जखमाही भरतात.

प्रश्न : मासा एकाएकी काळा पडतो, अंगावर उभ्या पट्ट्या उमटतात. आजार आहे का?

बहुधा ताण. नवी टाकी, थंड पाणी, अमोनिया किंवा दांडगा सोबती, यांतलं एक कारण शोधा. पण काळेपणाबरोबर खाणं सुटलं आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी येऊ लागली, तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्या. पिल्लं अंगावर असताना मात्र पाण्यात कोणतंही औषध टाकू नका, पिल्लांचं ताट तेच अंग आहे.