भावाला दोन मिनिटं, मॅडमच्या मुलाला पाऊण तास

दिघ्याहून लिहिणाऱ्या मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. भावाला स्किझोफ्रेनिया, दर महिन्याला सरकारी ओपीडीत इंजेक्शन, डॉक्टर दोन मिनिटं बघतात नि केसपेपर पुढे सरकवतात, आणि ऐरोलीच्या टॉवरमध्ये तू जिथे पोळ्या करतेस तिथल्या मॅडमच्या मुलाला तोच आजार, पण त्याच्याशी डॉक्टर पाऊण तास बोलतात, गोळ्या बदलून बघतात. "आमचं आडनाव वाचून औषध ठरतं का?" असं विचारलंयस.

त्या डॉक्टरांच्या मनात काय होतं ते मला इथून नाही सांगता येणार, पण तुझी शंका खुळी अजिबात नाही गं. अमेरिकेत यावर ढिगाने अभ्यास झालेत, तिथे काळ्या पेशंटवर गोऱ्यांपेक्षा स्किझोफ्रेनियाचा शिक्का जास्त बसतो, महिन्याची इंजेक्शनं जास्त मिळतात आणि बाकी औषधं फेल गेल्यावर लागू पडणारं क्लोझापिन मात्र कमी मिळतं. क्लोझापिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून आधी त्या मोजतात. कितीतरी आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या या पेशी जन्मतःच कमी असतात, त्याने त्यांचं काही बिघडत नाही, तरी रिपोर्टातला आकडा बघून क्लोझापिन नाकारायचे, त्यांच्यासाठी पेशींची वेगळी मर्यादा यायला 2015 उजाडलं. मला हे वाचून फार त्रास झाला होता.

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, जात, धर्म, वर्ग बघून उपचारात फरक करायचा नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि कुठलं औषध, त्याचे साइड इफेक्ट काय, हे सांगावंच लागतं. भाऊ साध्या कागदावर लिहून तुला उपचारासाठी आपला प्रतिनिधी नेमू शकतो, सही नाहीतर अंगठा. तो कागद कर.

पण मला खरी काळजी वाटली ती भावाच्या हातून बशीत सांडणाऱ्या चहाची. शर्टाचं बटण लावता येत नाही म्हणून आई ओरडते ना, तिला सांग तो आळस नसावा, जुन्या प्रकारच्या औषधांच्या इंजेक्शनांनी हात थरथरू शकतात, अंग कडक होऊ शकतं, आणि त्यावर इलाज असतो, डोस कमी करतात, औषध बदलतात. चहा पिताना त्याचा व्हिडिओ काढ आणि नंबर लागला की बसायच्या आधी तो दाखव, मग विचार इंजेक्शनचं नाव काय, गोळीवर आणता येईल का. रागाने इंजेक्शन बंद मात्र करू नकोस, गोळ्या विसरणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो, आणि मधेच सोडलं तर आजार पुन्हा उसळू शकतो. अडलं तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुढची तारीख सोमवारी आहे म्हणतेस, तर त्या दिवशी पोळ्यांना उशीर होईल हे मॅडमना आजच सांगून ठेव.